अंडी थांबल्यावर कोंबडीचं काय करायचं?

परसातली कोंबडी अंडी द्यायची थांबली की घरात दोन मतं पडतात. एकजण म्हणतो, फुकट खाते, विकून टाका. दुसऱ्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. निर्णय लांबत जातो, तिला दाणे टाकायची आठवण राहत नाही, खुराडं साफ व्हायचं थांबतं आणि दोन महिन्यांत ती मलूल होऊन बसते. तंजावूर आणि कावेरीच्या खोऱ्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो. महाराष्ट्रात परसबागेत कोंबड्या पाळणारेही तोच विचारतात: आता हिचं काय करायचं?

आधी अंडी खरंच थांबली आहेत का याची खात्री करा, मग निर्णय घ्या आणि जो घ्याल तो नीट पार पाडा. हा लेख याच क्रमाने जातो. हवामान आणि खाद्य यांची उदाहरणं तंजावूरची आहेत. महाराष्ट्रात जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

अंडी खरंच थांबली आहेत का?

पुष्कळदा कोंबडी थकलेली नसते, थांबलेली असते. पुढची कारणं एकेक करून तपासा.

- अंडी लपवणं: मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या गवताच्या गंजीत, केळीच्या बुंध्याशी किंवा लाकडांच्या ढिगामागे अंडी घालतात. मुंगूस, धामण आणि कावळे ती पळवतात. चार-पाच दिवस कोंबड्यांना सकाळी अकरापर्यंत खुराड्यातच ठेवा. बहुतेक अंडी सकाळीच घातली जात असल्याने खरं काय ते कळेल.
- खुडूक बसणं: गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते. तमिळमध्ये तिला ‘अडै कोळी’ म्हणतात. अंडी उबवून पिल्लं वाढवायची असतील तर ती तीन महिनेही अंड्यावर येत नाही. पिल्लं नको असतील तर खाली जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवा. पाण्यात बुचकळणं किंवा नाकपुडीतून पीस टोचणं हे जुने उपाय क्रूर आहेत, ते करू नका.
- पिसं गाळणं: वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घेते. दोन-तीन महिने अंडी बंद असतात आणि ती रोगट दिसते. या काळात तिला प्रथिनं जास्त लागतात.
- ऊन: मे महिन्यात, अग्नि नक्षत्राच्या दिवसांत, कोंबडी चोच उघडून धापा टाकते, कमी खाते आणि अंडी रोखते. विदर्भ-मराठवाड्यातही हेच घडतं.
- दिवसाची लांबी: अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड उत्तम. तंजावूर विषुववृत्ताजवळ असल्याने तिथला दिवस वर्षभर साडेअकरा ते पावणेतेरा तासांच्या दरम्यानच राहतो, त्यामुळे थंडीत उजेड घटल्याचा परिणाम कमी जाणवतो. पुण्या-नाशिकला डिसेंबरचा दिवस अकरा तासांवर येतो. तिथे अंडी घटली तर जानेवारीअखेरपर्यंत थांबा.
- जंत, उवा, गोचीड: रात्री बॅटरी घेऊन पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पाहा.

यानंतर कोंबडी हातात घेऊन तपासा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, मोठा आणि मऊ असतो. अंडं घालण्याचं द्वार रुंद आणि ओलसर असतं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज मावतात. थांबलेल्या कोंबडीचा तुरा आकसून फिका पडतो, द्वार कोरडं आणि चुण्या पडलेलं दिसतं, हाडांमध्ये जेमतेम एक बोट जातं. पिवळ्या पायांच्या जातीत फिके पडलेले पाय आणि चोच पुन्हा पिवळे होतात.

आजार दिसत नसेल तर तीन महिने वाट पाहा. त्यानंतरही अंडं दिसलं नाही आणि वय झालेलं असेल, तरच अंडी संपत आली असं समजा.

वय आणि जात पाहून अपेक्षा ठेवा

- व्यापारी संकरित कोंबडी साधारण पाचव्या महिन्यात अंड्यावर येते आणि पहिल्या वर्षात तीनशेच्या आसपास अंडी देते. दीड-दोन वर्षांनंतर तिची अंडी झपाट्याने घटतात.
- ग्रामप्रिया, वनराजा या परसातल्या पाळणुकीसाठी तयार केलेल्या जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. अंडी गावठीपेक्षा जास्त, पण खुडूक बसण्याची वृत्ती कमी.
- गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते ऐंशी अंडी देते. ती थांबत-थांबत देते, पण चार-पाच वर्षं देत राहते.

चांगली निगा राखली तर कोंबडी पाच ते आठ वर्षं जगते. म्हणजे संकरित कोंबडी घेताना तुम्ही दोन वर्षांची अंडी आणि त्यानंतरची तीन ते सहा वर्षांची जबाबदारी एकत्रच घरी आणता. नवी पिल्लं घेण्याआधी हा हिशोब मांडा.

नामक्कल भागातल्या मोठ्या पोल्ट्र्यांतून निवृत्त झालेल्या पांढऱ्या कोंबड्या स्वस्तात मिळतात म्हणून काहीजण घरी आणतात. त्यांची चोच छाटलेली असते, पिंजऱ्यात आयुष्य गेल्याने हाडं ठिसूळ असतात. त्यांना पहिले पंधरा दिवस वेगळं ठेवा, उंचावर बसवू नका आणि पकडताना पंख किंवा पाय ओढू नका.

तुमच्यापुढच्या चार वाटा

१. शेवटपर्यंत सांभाळणं. खर्च आधीच काढा. पूर्णपणे विकतच्या खाद्यावर असलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला चाळीस किलोच्या आसपास. दिवसभर परसात चरणाऱ्या गावठी कोंबडीला याच्या निम्मं पुरतं. तुमच्या गावच्या भावाने गुणाकार करा. आकडा समोर आला की घरातला वादही निवळतो.

२. काम बदलणं. अंडी संपली म्हणजे उपयोग संपला असं नाही.

- खुडूक बसणारी वयस्क गावठी कोंबडी दुसऱ्या कोंबड्यांची दहा-बारा अंडी २१ दिवसांत उबवते आणि पिल्लांना जपते. बदकाची अंडी ठेवलीत तर २८ दिवस धरा.
- ती वाळवी, गोगलगायी आणि किडे वेचते. मात्र नुकत्याच लावलेल्या रोपांपासून आणि भाताच्या रोपवाटिकेपासून तिला दूर ठेवा.
- तिची विष्ठा हे उत्तम खत आहे. ताजी घातली तर झाडांची मुळं जळतात, म्हणून भाताच्या तुसात मिसळून दोन-तीन महिने कुजवा.

३. दुसऱ्याला देणं. ज्याच्याकडे जागा आणि कुंपण आहे, अशा ओळखीच्या घरी द्या. अंडी थांबल्याचं, वय आणि दिलेल्या लसी स्पष्ट सांगा. शक्यतो दोन कोंबड्या एकत्र द्या, कारण एकटीला नव्या कळपात फार टोचलं जातं.

४. मांसासाठी विकणं किंवा कापणं. हा निर्णय घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तो कोंबडी निरोगी असतानाच घ्या. आजारी कोंबडी विकू नका, खाऊ नका. जंताचं औषध किंवा प्रतिजैविक दिलं असेल तर किती दिवस मांस आणि अंडी वर्ज्य आहेत हे वेष्टनावर पाहा किंवा पशुवैद्यांना विचारा. शहरात राहत असाल तर परवानाधारक दुकानातच न्या. थकल्या कोंबडीचं मांस चिवट असतं, ते मंद आचेवर बराच वेळ शिजवावं लागतं, रस्सा मात्र चांगला होतो.

पाचवी वाट बरेचजण न ठरवताच धरतात: कोंबडी रस्त्यावर, बाजारात किंवा देवळाच्या आवारात सोडून येणं. तमिळनाडूत मुरुगनच्या ध्वजावर कोंबडा आहे, देवळाला कोंबडा वाहण्याची रीतही आहे, त्यामुळे तिथे तिचं बरं होईल असं वाटतं. परसात वाढलेली कोंबडी कुत्र्यांपुढे एक रात्रही टिकत नाही. देवाला वाहायचीच असेल तर देवस्थानच्या कार्यालयात विचारून, रीतसर सोपवा.

सांभाळायचं ठरलं: खाद्य बदला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

- लेअर खाद्य बंद करा. अंड्याच्या कवचासाठी त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. अंडी न देणाऱ्या कोंबडीला एक टक्का पुरे. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर ताण आणतं. ग्रोअर खाद्य द्या. कळपात काही कोंबड्या अजून अंडी देत असतील तर सगळ्यांना ग्रोअर देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती खाईल.
- नुसत्या कणीवर ठेवू नका. भाताच्या या प्रदेशात तांदळाची कणी, म्हणजे ‘कुरुणै’, आणि कोंडा, म्हणजे ‘तविडु’, मुबलक मिळतो. नुसत्या कणीने म्हाताऱ्या कोंबडीच्या पोटात चरबी साठते आणि यकृत बिघडतं. कणी असली तरी सोबत प्रथिनं हवीत: अझोला, वाळवी, शिजवलेली डाळ, थोडी सुकट.
- हिरवा पाला रोज द्या. शेवगा, हदगा, राजगिरा. हदगा इथे ‘अगत्ति’ या नावाने भाजीबाजारात मिळतो.
- बुरशी लागलेलं काहीही देऊ नका. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत शेंगदाणा पेंड आणि मका यांना लवकर बुरशी लागते. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर जातं. ऊन देऊन बुरशी दिसेनाशी झाली तरी विष राहतं. असं खाद्य फेकून द्या.
- खारट, तळलेलं, कच्च्या कडधान्याचं उरलंसुरलं टाळा.
- पाणी दिवसाला पाव लिटरपर्यंत लागतं, उन्हाळ्यात दुप्पट. मातीचं भांडं सावलीत ठेवा आणि पाणी दोनदा बदला.

महिन्यातून एकदा छातीच्या हाडावर हात फिरवा. हाड सुरीसारखं टोकदार लागलं तर कोंबडी खंगली आहे, लागतच नसेल तर लठ्ठ झाली आहे. त्याप्रमाणे खाद्य वाढवा किंवा घटवा.

खुराडं: ऊन, पाऊस आणि वादळ

म्हातारी कोंबडी उंच उडत नाही, आणि उडाली तर उतरताना पाय दुखावून घेते.

- बसायची दांडी जमिनीपासून एक ते दीड फुटांवर आणा. ती दीड-दोन इंच रुंद आणि कडा घासलेली असावी.
- रात्रीसाठी दर कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा ठेवा.
- खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर द्या. तो आठवड्यातून दोनदा उलथा आणि ओला झाला की बदला. ओल्या तुसातून रक्ती हगवण आणि पायाच्या तळव्याच्या गाठी होतात.
- ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला मोठा पाऊस. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असू द्या. वाऱ्याच्या बाजूला पोत्याचा पडदा लावा, पण वरून हवा खेळती ठेवा. कोकणात हीच तयारी जूनपूर्वी करा.
- नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै भागात माडच्या माड कोसळले. वादळाची सूचना येताच कोंबड्या डालग्यात घालून पक्क्या छताखाली न्या. माडाखाली खुराडं ठेवू नका.
- राख आणि कोरडी वाळू मिसळलेलं एक घमेलं आडोशाला ठेवा. त्यात लोळून कोंबडी उवा झटकते.
- म्हातारी कोंबडी कमी चालते म्हणून नखं वाढतात. ती थोडी थोडी, रक्तवाहिनी टाळून कापा.

कळपात तिला जपा

तरुण कोंबड्या म्हातारीला टोचून दाण्यांपासून हाकलतात. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा. नवी तलंग आणलीत तर जाळीच्या आडून आठ-दहा दिवस ओळख होऊ द्या, मग एकत्र करा. जखम झालेलीला लगेच वेगळं ठेवा, रक्त दिसलं की बाकीच्या तुटून पडतात.

वयाबरोबर येणारे आजार

ही लक्षणं दिसली तर घरच्या उपायांत दिवस घालवू नका:

- पोट फुगलेलं, कोंबडी बदकासारखी फताडी किंवा ताठ उभी राहते. बीजांडातला बलक पोटात सांडून दाह झालेला असू शकतो, पाणी किंवा गाठही असू शकते.
- अंडं अडकलं आहे: शेपटी हलते, जोर करते, पण अंडं येत नाही. वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. काही तासांत सुटलं नाही तर दवाखान्यात न्या. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर जीव जातो.
- तळपायाला काळी खपली आणि सूज, लंगडणं.
- हिरवी किंवा पांढरी हगवण, मान वाकडी होणं, धाप.

यातली शेवटची लक्षणं मानमोडीची असू शकतात. तमिळ पशुवैद्यांना ‘वेळ्ळै कळिच्चल’ म्हटलं की लगेच समजेल. मानमोडीवर औषध नाही, लस आहे. म्हाताऱ्या कोंबडीला लस कशाला, हा विचार चुकीचा आहे. तिला झालेला रोग सगळ्या कळपाला लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पशुसंवर्धन खात्याची लसीकरण शिबिरं होतात, तिथे सगळ्या कोंबड्या न्या. तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठाने खाद्यासारखी चारता येईल अशी मानमोडीची लसही विकसित केली आहे. ती मिळेल का, हे विचारा. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, पशुवैद्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या.

वनौषधींची परंपरा तंजावूरला जुनी आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधं तयार होत. आजही कोंबडीला आलेल्या देवीच्या खपल्यांवर हळद आणि कडुनिंबाचा लेप लावायला हरकत नाही. पण पोटातल्या आजारावर लेप-काढे पुरत नाहीत आणि माणसांच्या गोळ्या तर कधीच देऊ नका.

मदत कुठे मिळेल:

- जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथे गाय-शेळीइतकाच कोंबडीलाही तपासून घेण्याचा हक्क आहे.
- सरफोजीराजांच्या काळातलं मुक्तांबाळ छत्र जिथे आहे, त्या ओरत्तनाडूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तंजावूरहून साधारण पंचवीस किलोमीटर.
- १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा दूरध्वनी क्रमांक. तमिळनाडू आणि महाराष्ट्र दोन्हीकडे तोच.

कायदा काय सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कोंबडीलाही लागू आहे.

- तुमचं कर्तव्य: मालकाने पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हाही गुन्हाच.
- नेण्याची पद्धत: वाहनात असो वा हातात, विनाकारण वेदना होतील अशा रीतीने प्राणी नेता येत नाही. पाय बांधून सायकलच्या हँडलला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या सगळीकडे दिसतात, म्हणून ते योग्य ठरत नाही. डालगं किंवा भोकं पाडलेला खोका वापरा आणि पहाटे किंवा संध्याकाळी न्या.
- कापण्याबाबत: खाण्यासाठी मारण्याला कायदा आडवा येत नाही, अनावश्यक वेदना देण्याला येतो.
- तुमचा हक्क: शेजाऱ्याने विष घातलं किंवा कोंबडी मारली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पोलिसांत तक्रार करता येते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. मेलेली कोंबडी पुरण्याआधी पशुवैद्यांकडून शवविच्छेदन करून घ्या, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.
- शेजाऱ्याचा हक्क: दुर्गंधी आणि माश्यांविरुद्ध तो नगरपालिकेकडे जाऊ शकतो. शहरात किती कोंबड्या ठेवता येतात, हे पालिकेत आधीच विचारून घ्या.

शेवटच्या दिवसांत

खाणं-पिणं सुटलं, उठता येत नाही, उपचारांचा गुण नाही, अशा कोंबडीला दिवसचे दिवस तडफडत ठेवणं ही माया नव्हे. पशुवैद्यांकडून तिला वेदनेविना मरण देता येतं. तसं विचारण्यात कमीपणा मानू नका.

मेलेली कोंबडी कालव्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. विहिरीपासून दूर, उंचवट्याच्या जागी तीन फूट खड्डा करून चुना घालून पुरा. या खोऱ्यात पावसाळ्यात पाणी वर येतं, म्हणून सखल जागा टाळा. दोन-तीन दिवसांत अनेक कोंबड्या एकदम मेल्या तर उघड्या हातांनी शिवू नका आणि पशुसंवर्धन खात्याला त्याच दिवशी कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून अशी खबर देण्याचं महत्त्व महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे.

या आठवड्यात एवढं करा

१. कोंबडी हातात घेऊन तुरा, हाडं, पाय आणि पिसं तपासा.
२. अंडी थांबल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्यापुढे तीन महिने मोजा.
३. वर्षाच्या खाद्याचा हिशोब घरात सगळ्यांसमोर मांडा.
४. तीन महिन्यांनंतरही अंडं आलं नाही तर चारपैकी कोणती वाट धरायची, हे एकमताने ठरवा.
५. ठेवायची असेल तर लेअर खाद्य आजच थांबवा आणि दांडी खाली घ्या.

सांभाळणं, काम बदलणं, दुसऱ्याला देणं, मांसासाठी विकणं, यातली कोणतीही वाट प्रामाणिकपणे धरता येते. न ठरवता तिला विसरून जाणं तेवढं धरता येत नाही. तिने दोन वर्षं तुमच्या घराला पोसलं आहे. तिचं पुढचं आयुष्य कसं जाईल, हे तुम्ही स्वतः ठरवा आणि ते लांबवू नका.